मिसिसागा ते नोव्हाय: कॅनडातून अमेरिकेच्या उपनगरात कुटुंब हलवताना

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही चौघं मिसिसागाहून मिशिगनमधल्या नोव्हायला राहायला आलो. नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनिअर, मी अकाउंटंट, मुलगी नुकतीच चौथी संपवलेली आणि मुलगा साडेचार वर्षांचा. गाडीने साधारण चार तासांचं अंतर. हवा तीच, बर्फ तोच, दुकानंही निम्मी ओळखीची. त्यामुळे घरात सगळ्यांनाच वाटत होतं की शेजारच्या गावी तर चाललोय. भारतातून कॅनडात येताना आपण वर्षभर आधीपासून कागद जमवतो. कॅनडातून अमेरिकेत जाताना मात्र ऑफर आली की सहा आठवड्यांत निघतो.

आमची सगळी ओढाताण या घाईतून झाली. कॅनडात असताना एका फोनवर किंवा एका फेरीत जे काम होतं, तेच सीमा ओलांडल्यावर दोन-दोन महिने खातं. म्हणून या लेखात निघण्याआधीच्या कामांवर जास्त भर दिला आहे.

मी लिहितेय ते ओंटारिओतून मिशिगनला आलेल्या, कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबाच्या अनुभवातून. तुमचा प्रांत किंवा राज्य वेगळं असेल तर शाळा, लायसन्स आणि घरपट्टीचे नियम बदलतील. कामांचा क्रम बहुतेक तोच राहील.

१. आधी व्हिसा, आणि तोही घरातल्या प्रत्येकाचा

कॅनडाच्या नागरिकाला अमेरिकेत नोकरीसाठी सर्वात सरळ रस्ता म्हणजे टीएन हा कामाचा दर्जा. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या व्यापार करारात व्यवसायांची एक ठरलेली यादी आहे: इंजिनिअर, अकाउंटंट, कॉम्प्युटर सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट, फार्मासिस्ट, नर्स वगैरे. तुमचं काम त्या यादीत बसलं, कंपनीचं पत्र आणि पदवी हातात असली, की सीमेवर किंवा टोरंटो पिअर्सनसारख्या विमानतळावर अमेरिकन अधिकाऱ्यासमोर अर्ज करता येतो आणि निर्णय सहसा तिथेच मिळतो. एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात, पुढे वाढवता येतात.

टीएन नागरिकांनाच मिळतो. तुमच्याकडे कॅनडाचं पीआर (कायम राहण्याची परवानगी) आणि भारतीय पासपोर्ट असेल तर हा रस्ता बंद आहे, मग एच-१बी किंवा कंपनीअंतर्गत बदलीचा एल-१ बघावा लागतो. घरात एकाने नागरिकत्व घेतलंय आणि दुसऱ्याने नाही, अशी कुटुंबं आपल्याकडे खूप आहेत. नवऱ्याकडे कॅनडाचा पासपोर्ट आणि बायकोकडे भारतीय असेल, तर तिला सीमेवर टीडी (टीएनवाल्याच्या कुटुंबाचा दर्जा) मिळत नाही. आधी अमेरिकन वकिलातीत अपॉइंटमेंट घेऊन टीडीचा शिक्का घ्यावा लागतो. ऑफर स्वीकारण्याआधी त्या अपॉइंटमेंटच्या तारखा बघा.

कंपनीच्या पत्रावर सगळं अवलंबून असतं. त्यात यादीतला नेमका व्यवसाय, रोजच्या कामाचं वर्णन, किती काळासाठी नेमणूक, पगार आणि तुमची पात्रता हे सगळं हवं. 'मॅनेजर' असं पदनाम आणि कामाचं गोलमोल वर्णन असेल तर अधिकारी अडवू शकतो. एचआरने पाठवलेला मसुदा इमिग्रेशनच्या वकिलाकडून तपासून घ्या. तिथे पैसे वाचवू नका.

आता टीडीबद्दल, कारण घरात यावरच सर्वात कमी बोललं जातं. जोडीदाराला आणि २१ वर्षांखालच्या मुलांना टीडी मिळतो. टीडीवर शिकता येतं, नोकरी करता येत नाही. मला ओळखीच्या दोघांनी सांगितलं होतं, "टोरंटोची नोकरी घरून चालू ठेव, कोणाला कळतंय!" वकिलाने स्पष्ट सांगितलं की अमेरिकेत बसून केलेलं काम धोक्याचं आहे आणि त्यावर पुढचा कोणताही अर्ज अडकू शकतो. मी अकरा वर्षांची नोकरी सोडली. चौदा महिने घरी होते. ते महिने सोपे नव्हते, आणि ते आधी नीट बोलून ठरवले असते तर निम्मा त्रास झाला नसता. शेवटी मला इथल्या एका फर्मची ऑफर आली आणि मी माझा स्वतंत्र टीएन घेतला. तुमच्या जोडीदाराचा व्यवसाय यादीत आहे का हे पहिल्याच दिवशी बघा. असेल तर दोघांनी एकाच वेळी नोकरी शोधायला लागा.

ग्रीन कार्डाचंही इथेच सांगते. पासपोर्ट कॅनडाचा असला तरी ग्रीन कार्डाची रांग जन्माच्या देशावरून ठरते. नाशिकला किंवा सांगलीला जन्मलेला माणूस कॅनेडियन झाला तरी भारताच्याच रांगेत, आणि नोकरीवर आधारित ती रांग फार लांब आहे. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल, अगदी दुबईत किंवा मस्कतमध्ये, तर त्याच्या रांगेचा फायदा घेता येतो. मुलं कॅनडात जन्मली म्हणून आईवडिलांना तसा फायदा मिळत नाही. शिवाय टीएन हा तात्पुरत्या मुक्कामाचा दर्जा आहे, त्यामुळे ग्रीन कार्डाचा अर्ज केव्हा आणि कसा टाकायचा हे वकिलाला विचारल्याशिवाय ठरवू नका. मुलांचा टीडी २१ व्या वर्षी संपतो. मुलगा पंधरा-सोळाचा असेल तर हा हिशोब आजच मांडा.

२. कागद जमवा: पदवी, जन्मदाखले आणि नावांचा मेळ

आमच्याकडे सर्वात जास्त वेळ खाल्ला तो नवऱ्याच्या पदवीने. इंजिनिअरिंग होऊन अठरा वर्षं झाली होती. फायलीत आठही सेमिस्टरच्या गुणपत्रिका होत्या, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट होतं, पण पदवीचं प्रमाणपत्र नव्हतं. पदवीदान समारंभाला तो गेला नव्हता आणि नंतर कोणी अर्ज केला नव्हता. कॅनडाच्या पीआरच्या वेळी मूल्यांकनात ते कसंबसं निभावलं होतं. इथे वकिलाने पहिलीच गोष्ट मागितली ती मूळ पदवी. पुण्यातल्या दिरांनी विद्यापीठात चार खेपा घातल्या, मग ते प्रमाणपत्र कुरिअरने आलं. यात सात आठवडे गेले. तुमची गुलाबी किंवा पिवळी फाइल आज उघडा आणि बघा.

माझं बी.कॉम. तीन वर्षांचं. भारतातल्या तीन वर्षांच्या पदवीवर प्रश्न येऊ शकतो. अकाउंटंटसाठी करारात सीपीए (अकाउंटंटची व्यावसायिक पात्रता) चालतं, आणि ते मी कॅनडात केलेलं होतं, म्हणून निभावलं. तुमची पदवी भारतातली असेल तर मान्यताप्राप्त संस्थेकडून तिचं मूल्यांकन करून ठेवा.

मुलांचे जन्मदाखले: ओंटारिओत मिळणाऱ्या छोट्या दाखल्यावर आईवडिलांची नावं नसतात. टीडीसाठी नातं दाखवावं लागतं, शाळेतही विचारतात. सर्व्हिस ओंटारिओकडे आईवडिलांच्या नावांसकट दाखला मागवा.

आपल्या नावांचा गुंता वेगळाच असतो. माझी पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. मधलं नाव एका कागदावर वडिलांचं, दुसऱ्यावर नवऱ्याचं. विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजी भाषांतरासह जवळ ठेवा. आणि अमेरिकेत पहिल्या दिवसापासून सगळीकडे पासपोर्टावर आहे तसंच, अक्षर न अक्षर, नाव लिहा. आमच्या पगाराच्या नोंदीत मधलं नाव गळलं आणि सोशल सिक्युरिटीच्या (अमेरिकेतल्या सरकारी ओळख क्रमांकाच्या) नोंदीशी मेळ बसवायला तीन पत्रं लिहावी लागली.

निघण्याआधी एका प्लास्टिक फोल्डरमध्ये हे मूळ कागद असू द्या, ट्रकात टाकू नका:
- सगळ्यांचे पासपोर्ट आणि ओसीआय कार्डं
- कंपनीचं पत्र, पदव्या, मूल्यांकन
- विवाहाचा दाखला, मुलांचे मोठे जन्मदाखले
- लसीकरणाची पिवळी कार्डं, शाळेची प्रगतिपुस्तकं
- ड्रायव्हिंग रेकॉर्ड आणि गाडीच्या विमा कंपनीचं अनुभवपत्र
- मागच्या दोन वर्षांचे कॅनडाचे कर आकारणीचे कागद
- चालू औषधांची प्रिस्क्रिप्शन्स आणि डॉक्टरांच्या फायलींच्या प्रती

३. कॅनडाच्या कराचा हिशोब मिटवून निघा

मी अकाउंटंट असूनही या भागासाठी दोन्ही देशांचं काम करणारा सल्लागार नेमला. तुम्हीही नेमा. फक्त त्याच्याकडे जाताना कोणते प्रश्न घेऊन जायचे ते इथे सांगते.

कॅनडा नागरिकत्वावर नाही, रहिवासावर कर लावतो. त्यामुळे तुम्ही नेमके कोणत्या तारखेला रहिवासी राहिला नाहीत, ही तारीख फार महत्त्वाची. घर, जोडीदार आणि मुलं कॅनडातच राहिली तर सीआरए (कॅनडाचं करखातं) तुम्हाला रहिवासीच धरू शकतं. ती तारीख त्या वर्षाच्या रिटर्नवर लिहायची असते.

त्या दिवशी कायद्याच्या नजरेत तुम्ही तुमची बरीचशी मालमत्ता बाजारभावाने विकली असं धरलं जातं आणि त्या कागदोपत्री नफ्यावर कर लागतो. कॅनडातलं घर आणि आरआरएसपी (निवृत्तीसाठीचं बचत खातं) यातून सुटतात. शेअर्स आणि म्युच्युअल फंड सुटत नाहीत. आणि आपल्या लोकांना इथे धक्का बसतो: पुण्यातला किंवा ठाण्यातला फ्लॅटसुद्धा यात येतो. निघण्याआधीच्या दहा वर्षांत तुमचा कॅनडातला मुक्काम एकूण साठ महिन्यांपर्यंतच असेल, तर कॅनडात येण्यापूर्वीपासून असलेली मालमत्ता यातून वगळली जाते. त्याहून जास्त राहिला असाल तर वगळली जात नाही. नफा मोजताना तुम्ही कॅनडात आलात त्या दिवशीची किंमत मूळ किंमत धरतात, म्हणून त्या काळातलं मूल्यांकन मिळालं तर मिळवा. कर लगेच भरणं अवघड असेल तर तो पुढे ढकलण्यासाठी टी१२४४ हा फॉर्म आहे. एकूण मालमत्ता २५,००० डॉलरांहून जास्त असेल तर टी११६१ मध्ये तिची यादी द्यावी लागते, कर शून्य असला तरी. उशीर झाला तर दिवसाला २५ डॉलर दंड, २,५०० डॉलरांपर्यंत.

घर घेताना आरआरएसपीतून होम बायर्स प्लॅनखाली पैसे काढले असतील तर उरलेली रक्कम रहिवास सुटल्यापासून ६० दिवसांत, किंवा त्या वर्षाचं रिटर्न भरण्याआधी, यांतलं जे आधी येईल तोवर परत भरायची. नाही भरली तर ती त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते. हे आम्हाला एकावन्नाव्या दिवशी कळलं.

आरआरएसपी तिथेच राहू द्या, कराराप्रमाणे अमेरिका त्याची वाढ काढेपर्यंत करात धरत नाही. टीएफएसएचं (करमुक्त बचत खात्याचं) तसं नाही. कॅनडात करमुक्त असलेली ती वाढ अमेरिकेत करपात्र आहे, आणि रहिवास सुटल्यावर त्यात पैसे भरले तर कॅनडा महिन्याला एक टक्का दंड लावतो. आम्ही निघण्याआधी टीएफएसए बंद केला. मुलांच्या आरईएसपीला (शिक्षणासाठीच्या बचत खात्याला) पुढे सरकारी अनुदान मिळत नाही, आणि अमेरिकेच्या हिशोबात त्याची वाढही करपात्र. कॅनडातले आणि भारतातलेही म्युच्युअल फंड अमेरिकेत फार किचकट नियमांत अडकतात. भारतातल्या एसआयपी चालू असतील तर सल्लागाराला पहिल्याच भेटीत सांगा. अमेरिकेत राहायला गेल्यावर अनेक कॅनेडियन ब्रोकर खात्यात खरेदी-विक्री करू देत नाहीत, म्हणून जे विकायचं ते निघण्याआधीच विका.

चाइल्ड बेनिफिट येत असेल तर निघताना सीआरएला फोन करून बंद करा. न कळवता आलेले पैसे नंतर वसूल होतात.

मिसिसागाचं घर विकायचं की भाड्याने द्यायचं, यावर आमच्या घरी महिनाभर चर्चा झाली. भाड्याने दिलं तर अनिवासी म्हणून एकूण भाड्याच्या २५ टक्के दर महिन्याला सीआरएकडे भरावे लागतात. एनआर६ फॉर्म मंजूर झाला तर खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर भरता येतात. नंतर विकायचं तर अनिवासी विक्रेत्याला सीआरएचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, नाहीतर खरेदीदार किमतीचा मोठा भाग अडवून ठेवतो. माझं मत स्पष्ट आहे: परतायचं पक्कं नसेल तर राहत्या घराच्या सवलतीत विकून निघा. आम्ही तेच केलं.

४. गाव निवडण्याआधी शाळेची हद्द बघा

डेट्रॉईटच्या परिसरात मराठी कुटुंबं नोव्हाय, कॅन्टन, नॉर्थव्हिल, फार्मिंग्टन हिल्स आणि ट्रॉय या भागांत जास्त दिसतात. नवऱ्याचं ऑफिस जवळ म्हणून आम्ही नोव्हाय निवडलं.

इथला सापळा मी आधी कधी ऐकला नव्हता. पत्त्यावर 'नोव्हाय' लिहिलंय म्हणून मुलं नोव्हायच्याच शाळेत जातील असं नाही. या एका शहराच्या हद्दीत नोव्हाय, नॉर्थव्हिल, वॉल्ड लेक आणि साउथ लायन अशा चार शाळा-जिल्ह्यांचे भाग येतात. रस्त्याच्या अलीकडचं घर एका जिल्ह्यात, पलीकडचं दुसऱ्यात. आम्ही भाड्याचं घर जवळपास नक्की केलं होतं. सही करायच्या आदल्या रात्री मी शाळा-जिल्ह्याच्या नकाशावर घर नंबर टाकला आणि ते दुसऱ्याच जिल्ह्यात निघालं. एजंटच्या किंवा जाहिरातीच्या शब्दावर विसंबू नका. जिल्ह्याच्या ऑफिसला फोन करून पूर्ण पत्ता सांगा आणि विचारा.

पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. अपार्टमेंटवाले क्रेडिट स्कोअर मागतात आणि तुमचा कॅनडातला स्कोअर सीमेपाशीच राहतो, कंपनी त्याच नावाची असली तरी. ऑफर लेटर, बँकेची स्टेटमेंट्स आणि आधीच्या घराच्या हप्त्यांचा पुरावा द्या. मिशिगनमध्ये दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट कायद्याने घेता येत नाही, कोणी मागितलं तर तसं सांगा.

विकत घ्यायची वेळ येईल तेव्हा घरपट्टी नीट समजून घ्या. १९९४ च्या प्रपोझल ए नुसार मिशिगनमध्ये घराचं करपात्र मूल्य दरवर्षी महागाईच्या दराने किंवा पाच टक्क्यांनी, यांतल्या कमी असेल त्यानेच वाढू शकतं. पण घर विकलं गेलं की हा बांध सुटतो आणि पुढच्या वर्षी मूल्य आजच्या बाजारभावाशी जुळवलं जातं. वीस वर्षं एकाच घरात राहिलेल्या विक्रेत्याची घरपट्टी जाहिरातीत बघून तुम्ही हप्ता बसवलात, तर दुसऱ्या वर्षी महिन्याचं गणित कोलमडतं. विक्रीनंतरची अंदाजे घरपट्टी शहराच्या असेसरकडे विचारून घ्या.

राज्याचा आयकर ४.२५ टक्के आहे. ऑफिस डेट्रॉईट शहरात असेल तर बाहेर राहणाऱ्यालाही शहराचा १.२ टक्के कर लागतो.

५. मुलांची शाळा: वय, लस आणि एक साधा फॉर्म

ओंटारिओत वर्ग कॅलेंडर वर्षावर ठरतो, मुलगा ३१ डिसेंबरपर्यंत ज्या वयाचा होईल त्यावर. मिशिगनमध्ये किंडरगार्टनसाठी १ सप्टेंबरला पाच पूर्ण हवीत. माझा मुलगा नोव्हेंबरचा. मिसिसागात ज्युनिअर केजी करून तो सिनिअर केजीत जाणार होता, इथे नियमाप्रमाणे एक वर्ष मागे. २ सप्टेंबर ते १ डिसेंबरमध्ये पाच होणाऱ्या मुलांसाठी पालक लेखी पत्र देऊन प्रवेश मागू शकतात. आम्ही पत्र दिलं आणि प्रवेश मिळाला. पण मुलांच्या मनाची तयारी बघून ठरवा. माझ्या मैत्रिणीने मुद्दाम एक वर्ष थांबवलं आणि तिच्या मुलासाठी तेच बरं झालं. मूल डिसेंबरच्या मध्यावरचं असेल तर हा पर्यायच नाही, हे आधीच त्याला समजावा.

लस. ओंटारिओत हेपेटायटिस बीची लस शाळेत सातवीत देतात. मिशिगनमध्ये ती शाळेत प्रवेशासाठीच लागते, तीन डोस. चौथी झालेल्या माझ्या मुलीला एकही डोस झालेला नव्हता. ऑगस्टमध्ये शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी पिवळ्या कार्डावर बोट ठेवून त्या रिकाम्या ओळी दाखवल्या आणि मला घाम फुटला. पहिला डोस घेऊन वेळापत्रक चालू केलं तर तात्पुरता प्रवेश देतात, तसा आम्हाला मिळाला. तुम्ही कॅनडातूनच फॅमिली डॉक्टरकडे किंवा ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये पैसे भरून सुरुवात करा. मूल भारतात जन्मलं असेल तर ही लस बहुधा झालेली असते, फक्त ते जुनं कार्ड शोधा.

आपल्याकडच्यासारखा 'शाळा सोडल्याचा दाखला' ओंटारिओत नसतो. मूळ रेकॉर्ड शाळा हातात देत नाही. शेवटच्या आठवड्यात ऑफिसात जाऊन शेवटच्या दोन वर्षांच्या प्रगतिपुस्तकांच्या आणि खास गरजांचा काही आराखडा असेल तर त्याच्या प्रती मागून घ्या. जूनच्या शेवटी शाळा बंद झाली की सप्टेंबरपर्यंत फोन उचलणारं कोणी नसतं.

प्रवेशाच्या वेळी एक फॉर्म असतो, घरी कोणती भाषा बोलता. आम्ही मराठी लिहिलं. मग मुलांची इंग्रजीची एक छोटी चाचणी झाली आणि दोघंही पास झाली. काही पालक या चाचणीच्या भीतीने 'इंग्रजी' लिहितात. तसं करू नका. घरी मराठी बोलता तर मराठीच लिहा, मुलांसमोर आपली भाषा लपवायचं काही कारण नाही.

६. सामान आणि सीमा ओलांडण्याचा दिवस

सामानाचा ट्रक आणि टीएनचा अर्ज एकाच दिवशी ठेवू नका. अर्ज नाकारला गेला तर रिकामं घर मागे आणि भरलेला ट्रक पुढे अशी अवस्था होते. नवरा तीन आठवडे आधी एकटा विंडसरला गेला, अ‍ॅम्बॅसडर ब्रिजवर अर्ज केला, अधिकाऱ्याने मूळ पदवी आणि पत्र पंधरा मिनिटं वाचलं आणि टीएन दिला. त्यानंतरच आम्ही घराची शेवटची कामं उरकली. कंपनी तयार असेल तर आधी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून मंजुरी घेऊन सीमेवर जाता येतं, त्यात अनिश्चितता कमी. मुलांसह मी नंतर गेले तेव्हा नवऱ्याच्या आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीची) आणि कंपनीच्या पत्राची प्रत दाखवून टीडी घेतला. सीमेवरची फी बदलत असते, आदल्या दिवशी बघून घ्या.

वर्षभर वापरलेलं घरसामान ड्यूटीशिवाय नेता येतं, त्यासाठी कस्टम्सचा फॉर्म ३२९९ आणि सोबत यादी. माझी यादी अशी होती: खोका १४, स्वयंपाकघर, कढई, कुकर, पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा, अंदाजे किंमत १२० डॉलर. प्रत्येक खोक्यावर तोच नंबर. निघण्याआधी नवीन सोफा घेऊ नका. दागिने अंगावर किंवा हातात ठेवा, त्यांचे फोटो आणि पावत्या जवळ असू द्या. कुटुंबाकडे मिळून १०,००० डॉलरांहून जास्त रोख असेल तर सांगणं बंधनकारक आहे. नेण्यावर बंदी नाही, न सांगण्यावर आहे.

कुंडीतली झाडं राहू द्या. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, आणि त्यावर राहणाऱ्या किडीमुळे लिंबू-संत्र्याच्या बागांना रोग होतो म्हणून तो कडक बंदीत येतो. सासूबाईंनी नऊ वर्षं वाढवलेलं आमचं झाड शेजारच्या काकूंकडे दिलं. ते अजून आहे, दर उन्हाळ्यात काकू त्याचा फोटो पाठवतात.

गाडी नेण्याआधी ड्रायव्हरच्या दाराजवळचं लेबल वाचा. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांचा उल्लेख नसेल तर उत्पादकाचं पत्र लागतं, शिवाय एचएस-७ आणि ३५२०-१ हे फॉर्म. लीजवरची गाडी सहसा नेता येत नाही.

७. पहिला महिना

पोहोचल्यावर त्याच रात्री सीमा विभागाच्या वेबसाइटवर चौघांचे आय-९४ उघडा. नावाचं स्पेलिंग, दर्जा आणि तारीख तपासा. माझ्या मुलाच्या नोंदीत पाहुणा असा दर्जा पडला होता. पहिल्याच आठवड्यात गेलो म्हणून दुरुस्त झाला.

टीएन असलेल्याने साधारण दहा दिवसांनी सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज करावा, तोवर सरकारी नोंदी जुळतात. टीडीवाल्यांना हा नंबर मिळत नाही. त्यांच्यासाठी आयटीआयएन हा फक्त करासाठीचा नंबर असतो, तो बहुधा पहिल्या कर रिटर्नसोबत मागतात.

क्रेडिटसाठी: ज्या बँकांचं दोन्ही देशांत काम आहे, त्या कॅनडातल्या इतिहासावर अमेरिकेतलं कार्ड देतात. कॅनडात असतानाच ते खातं उघडा. एक कॅनेडियन खातं आणि तुमचा कॅनडाचा मोबाइल नंबर स्वस्त प्लॅनवर वर्षभर चालू ठेवा. सीआरएचा आणि बँकांचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.

मिशिगनमध्ये लायसन्स आणि गाडीची नोंदणी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात होते, अपॉइंटमेंट घेऊन जा. गाडीचा विमा इथे नो-फॉल्ट पद्धतीचा (चूक कोणाचीही असो, उपचारांचा खर्च आपलाच विमा देतो) आणि महाग. ओंटारिओच्या विमा कंपनीचं अनुभवपत्र दाखवलं तर काही कंपन्या ती वर्षं धरतात, म्हणून तीन-चार ठिकाणी विचारा. जुलै २०२० पासून अपघातातल्या उपचारांची मर्यादा निवडता येते. हप्ता कमी दिसतो म्हणून सर्वात खालची मर्यादा घेऊ नका.

८. दवाखाना

ओहिप (ओंटारिओचा सरकारी आरोग्य विमा) कार्डावर सवय झालेल्या माणसाला हा बदल सर्वात जड जातो. कंपनीचा आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून आहे की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, हे ऑफर स्वीकारताना विचारा. मधल्या दिवसांसाठी प्रवासी विमा घ्या. कुटुंबाची नावं घालायला बहुधा तीस दिवसांची मुदत असते. ती चुकली तर वर्षअखेरपर्यंत थांबावं लागतं.

निवडताना महिन्याचा हप्ता एकटा बघू नका. डिडक्टिबल म्हणजे विमा द्यायला लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम, आणि वर्षात तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल तो आकडा, हे दोन्ही बघा. डॉक्टर तुमच्या विम्याच्या जाळ्यात आहे का, हे प्रत्येक वेळी डॉक्टरच्या ऑफिसला आणि विमा कंपनीला असं दोन्हीकडे विचारा. घरी येणारं पहिलं जाडजूड पत्र बहुतेक वेळा बिल नसतं, हिशोबाचा तपशील असतो. खरं बिल आल्यावर दोन्ही जुळवून मगच पैसे भरा. निघण्याआधी नेहमीच्या औषधांचा तीन महिन्यांचा साठा, दातांची तपासणी आणि चष्मे कॅनडातच करून घ्या.

९. आईवडील

सासूबाई आमच्याकडे कॅनडात सुपर व्हिसावर (आईवडिलांसाठीच्या खास व्हिसावर) होत्या. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. अमेरिकेत तसं काही नाही. पाहुणा व्हिसावर सहसा सहा महिने मिळतात, आणि कॅनडाच्या सुपर व्हिसाचा इथे काही उपयोग नाही. आम्ही हे त्यांना फार उशिरा सांगितलं. बॅगा भरताना त्या शांतपणे म्हणाल्या, "मग मी आधी पुण्याला जाऊन येते." त्यांचा अमेरिकेचा व्हिसा आधी काढून ठेवायला हवा होता. घरात ज्येष्ठ असतील तर ऑफर हातात आल्याच्या आठवड्यात त्यांच्याशी बसून बोला आणि व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लगेच घ्या.

१०. पहिल्या वर्षाची रिटर्न्स

पुढच्या वर्षी दोन्ही देशांत भरायचं असतं. अमेरिकेची मुदत १५ एप्रिल, कॅनडाची ३० एप्रिल. कॅनडाचं रिटर्न आधी तयार करा, कारण तिथे भरलेल्या कराचे आकडे अमेरिकेच्या रिटर्नमध्ये लागतात.

शिवाय एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देण्याचा अमेरिकेचा फॉर्म. अमेरिकेबाहेरच्या तुमच्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरांच्या वर गेली, तरी सगळ्या खात्यांची माहिती द्यावी लागते. यात आरआरएसपी आलं, कॅनडातलं बचत खातं आलं, आणि भारतातलं एनआरओ, मुदत ठेवी, आईसोबत संयुक्त नावाने असलेलं गावच्या सहकारी बँकेतलं खातंही आलं. यावर कर लागत नाही, फक्त माहिती द्यायची, पण न दिल्याचा दंड मोठा आहे. मुदत १५ एप्रिल, आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. जानेवारीत बसून प्रत्येक खात्याची वर्षातली सर्वात मोठी शिल्लक एका वहीत लिहून काढा, आणि भारतातल्या बँकांना तुमचा नवा अमेरिकेचा पत्ता आणि कर रहिवास त्याच दिवशी कळवा.